वाळवीचा कॅन

“तेजूताई, इंजिन उघडायला लागतंय,” दस्तगीर मेस्त्री म्हणाला आणि हात पुसायच्या फडक्यानंच त्यानं कपाळ पुसलं. “पिस्टनच्या रिंगा गेल्यात. धूर बघा की कसला सोडतीया. लग्नघरातल्या चुलीगत.”

“किती दिवस लागतील?”

“सामान कोल्हापुरास्नं यायचं. पंधरा दिवस धरून चाला.”

“पंधरा दिवस? अहो, मी रविवारी कन्याकुमारीला निघालेय!”

“मग दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीनं जावा.”

असं म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं! मी गाडीकडं बघत उभी राहिले. आजऱ्याच्या त्या गॅरेजात तिच्या नळकांड्यातून निळसर धूर अजून रेंगाळत होता. दस्तगीर मात्र डोकं खाजवत होता.

“एक गोष्ट कळंना बघा. रिंगा गेलेली गाडी पेट्रोल पिती. आणि तुम्ही तर म्हणता लिटरला पंचेचाळीस देती. एवढ्या धुडाला पंचेचाळीस?”

“माझी देते,” मी ताठ मानेनं सांगितलं.

गाडी तशी माझी नव्हे, माझ्या नवऱ्याची, उदयची. लांबच्या प्रवासाची दणकट मोटरसायकल. मागं दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, रुंद सीट, टाकी म्हणाल तर घागरीएवढी. बेळगावातून त्यानं ती जुनी म्हणून घेतली, दोनदा गोव्याला नेली आणि मग जहाजावरच्या नोकरीला निघून गेला. गाडी छपरात ताडपत्रीखाली पडून. मी काजू प्रक्रियेचं शिकवायला गावोगावच्या बचत गटांत जायची. आज आजरा, उद्या चंदगड. एसटीची वाट बघून बघून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा एक दिवस ताडपत्री ओढून काढली आणि गाडी बाहेर घेतली. पहिले चार दिवस पडले, धडपडले. पाचव्या दिवशी कळलं की आजवर आपण नुसतं पोचत होतो, प्रवास असा कधी केलाच नव्हता.

गाडीत खोट एकच. पेट्रोलचा काटा. टाकी भरली की तो दिमाखात वर चढायचा, हळूहळू उतरत निम्म्यावर यायचा आणि तिथंच बसकण मारायचा. मग टाकीत थेंब उरला नाही तरी बेटा निम्म्यावरच. पेट्रोल संपत आल्याचा लाल दिवा तर आमच्याकडं येण्याआधीच गेलेला. दस्तगीरनं टाकी उघडून आतला तरंगता गोळा दोनदा बदलला, पण काट्याची खोड जाईना.

या काट्यावर भरवसा ठेवून मी एकदा आंबोलीच्या रस्त्यावर ऐन जंगलात अडकले. संध्याकाळ झालेली, मोबाईलला रेंज नाही. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्यानं मला आणि गाडीला दोघींनाही वर घेतलं. देसायांची सून दुधाच्या कॅनांत बसून आली, हे अख्ख्या गावानं पाहिलं.

मामा, म्हणजे माझे सासरे, अंगणात उभेच होते. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे.

“आज झालं ते झालं,” ते म्हणाले. “पण पुन्हा एकदा ही गाडी रस्त्यात बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी विकायची. माझ्या घरातली बाई अशी रस्त्याकडेला उभी राहिलेली मला चालणार नाही.”

मी मोठ्या आशेनं आत्तींकडं पाहिलं. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्ती सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बरोबर हाय त्यांचं.” आणि थोड्या वेळानं, “जेवून घे.”

बस्स! ना किती वाजता अडकलीस, ना भ्यालीस का. उदयला जहाजावर फोन लावला तर तो म्हणे, “बाबांपुढं माझं काय चालतंय?” म्हणजे गाडी राहणार की जाणार, हे आता फक्त माझ्यावर होतं. एकदा जरी चुकले तरी गेली.

मी काट्याकडं बघणं सोडून दिलं. गाडीवरून लांब जाणारे सगळे करतात तेच केलं. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा आणि ठरावीक अंतर झालं की गपगुमान पंपावर जायचं. सुरुवातीला भीतभीत दोनशेलाच भरायची. मग अडीचशे. मग तीनशे ओलांडून पुढं. गाडी एकदाही थांबली नाही, आणि पंपावर भरायला गेलं की टाकीत मावायचं थोडंच! मी हिशोब केला तर पंचेचाळीस. मला तर आभाळ ठेंगणं झालं. कोल्हापूरच्या बायकांच्या एका बाईक-ग्रुपात मी नाव घातलेलं होतं. त्यातल्या पद्मजा इंगवले म्हणाल्या, “अगं, आमच्या गाड्या तीसच्या वर जात नाहीत. तुझी काय हवेवर चालते?” आणि कन्याकुमारीचा बेत ठरला तेव्हा जिथं पंप लांब लांब आहेत त्या टप्प्यात सगळ्यांच्या पुढं मीच राहायचं, असंही ठरलं.

हे सगळं चाललेलं असताना आत्तींनी गाडीचं नाव काढलं नाही. काढलं तर ‘ते धूड’ एवढंच. टाकीच्या झाकणावर मात्र कधीमधी कुंकवाचं बोट उमटलेलं दिसायचं. मला वाटायचं, पूजा करतात. गाडी नीट चालू दे म्हणून की एकदाची जाऊ दे म्हणून, ते देवालाच ठाऊक.

आणि दिवाळीपासून हा धूर.

त्या रात्री जेवताना मामांनी विषय काढलाच. “धूर दिसला मला. गिऱ्हाईक मिळतंय तोवर विकलेली बरी.”

“रस्त्यात बंद पडलेली नाही ती, मामा.”

“पडेल.” त्यांनी भाकरी मोडली. “ह्या घरातल्या मशिनांना झालंय तरी काय? ते गवत कापायचं मशीन बघ. कॅन भरून आणला की चार दिवसांत खडखडाट. वर त्याला ऑइल मिसळून द्यायचं. मी विसरतो म्हणून दिवाळीपासून आणल्याबरोबर अख्ख्या कॅनमधेच मिसळून ठेवतोय, तर ते ऑइलही चाललं वाया.”

“आमटी वाढू का अजून?” आत्ती म्हणाल्या.

सकाळी कोल्हापूरला जाऊन सामान स्वतःच घेऊन यावं, दस्तगीरच्या पाया पडावं, असं ठरवून मी रोजच्यापेक्षा लवकर उठले. डिसेंबरची थंडी. चूल पेटली होती, पण आत्ती चुलीपुढं नव्हत्या. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असायची, तीही नव्हती. मी मागल्या दारानं छपराकडं गेले आणि जागच्या जागी थांबले.

आत्ती न्हाऊन, केसांची ओली गाठ मारून, पदर खोचून गाडीशी उभ्या होत्या. टाकीचं झाकण उघडं. त्यात तेलाचं पितळी नरसाळं. हातात सरबताची जुनी बाटली. लहान पोराला गुटी पाजावी तशा त्या टाकीत पेट्रोल ओतत होत्या. पायाशी मामांचा मशीनचा कॅन.

“आत्ती! काय करताय?”

त्या दचकल्या नाहीत की काही नाहीत. “हळू बोल. ते उठल्यात.”

“अहो, ते मशीनचं पेट्रोल आहे!”

“पेट्रोलच हाय न्हवं? पाणी तर घालत न्हाई?”

“कधीपासून घालताय?”

“तू दुधाच्या टेम्पोतनं आलीस न्हवं का, त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं.” त्यांनी बाटली उपडी करून शेवटचा थेंब झटकला. “तू उठायच्या आधी गाडी जरा हलवून बघायची. आत डुबुक डुबुक लई वाजलं की समजायचं, कमी हाय. मग एक बाटली घालायची.”

मी तिथल्याच दगडावर बसले.

“पण का?”

“का म्हंजे? परत रस्त्यात बंद पडली असती तर ह्यांनी विकली असती. ह्यांचा शब्द तुला म्हाईत न्हाई, मला म्हाईत हाय. तुझा तो काटा खोटारडा आणि तू आकडेमोडीवर निघालेली. म्हटलं, आपण आपली बाटली घालावी. काटा काय बी दाखवंना का!”

“मग त्या दिवशी ‘बरोबर हाय त्यांचं’ का म्हणालात?”

“तुझी बाजू घेतली असती तर त्यास्नी आणिक चेव चढला असता. दुसऱ्या दिवसाची वाट बघितलीच नसती त्यांनी.”

“मला तरी सांगायचं की, आत्ती!”

“तू म्हणाली असतीस, आत्तीला गाडीतलं काय कळतंय.” झाकण लावताना त्यांच्या बोटाचं कुंकू झाकणाला लागलं. मग माझ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या, “तू सांजच्याला गाडी लावून घरात येतीस, तवा तुझं तोंड कसं असतंय, कधी आरशात बघितलंयस? केस इस्कटलेले, अंगभर धुरळा, आणि हसू कानापतुर. हे तोंड मला ह्या घरात पायजे. माझ्या उमेदीत कुणी मला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं न्हाई. तुझी गाडी मी कशी जाऊ दीन?”

मला रडू फुटलं. दीड वर्ष ही बाई रोज पहाटे माझी टाकी बघत होती आणि मी समजत होते की तिला गाडीचा राग आहे. माझ्या आईनंसुद्धा माझ्यासाठी इतकं नेमानं काही केलं नसेल. मी त्यांचे हात धरले, तर पेट्रोलचा भपकारा आला.

“सोड, सोड. वास लागंल हाताला,” आत्ती म्हणाल्या, पण हात काही सोडवून घेतले नाहीत.

“काय चाललंय?”

मामा. दारात उभे, खांद्यावर पंचा. त्यांनी आम्हाला पाहिलं, बाटली पाहिली, कॅन पाहिला.

“हा कॅन इथं कसा?”

“वाळवी लागलीया,” आत्ती पटकन म्हणाल्या. “ह्या छपराच्या खांबाला. तिच्यावर ओतलं जरा.”

“पेट्रोल?”

“मग काय? रॉकेल मिळतंय व्हय कुठं आता?”

मामा खांबाजवळ आले. वर-खाली बघितलं. “वाळवी कुठं दिसत नाही.”

“दिसंल कशी? पेट्रोल ओतल्यावर ऱ्हाईल व्हय ती?”

मी तोंड उघडणार तोच आत्तींची टाच माझ्या पायाच्या बोटांवर आली आणि तिथंच राहिली. मामांनी आणखी एकदा खांबाकडं बघितलं, मग गाडीकडं, मग माझ्या रडक्या डोळ्यांकडं. “चहा ठेवा,” म्हणाले आणि आत गेले.

चहा पिता पिता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि कप तसाच हातात राहिला. एक तर धुराचं कोडं सुटलं. गवताच्या मशीनला पेट्रोलात ऑइल लागतं, मोटरसायकलला ते चालत नाही, ती धूर ओकते. दिवाळीपासून मामा अख्ख्या कॅनमधे ऑइल मिसळत होते आणि दिवाळीपासूनच माझी गाडी धूर सोडत होती. म्हणजे रिंगा ठणठणीत होत्या! पण दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती.

“आत्ती, माझी गाडी पंचेचाळीस देतच नाही. तुमची बाटली धरून पंचेचाळीस. कन्याकुमारीच्या वाटेवर तुम्ही कुठं असणार बाटली घेऊन? त्याच हिशोबानं गेले असते तर भर माळावर बंद पडले असते. तेसुद्धा सगळ्यांच्या पुढं!”

आत्तींनी तोंडावर हात ठेवला. “आगं बया! म्हंजे माझ्यापायीच गाडी गेली असती की!”

“तसं नाही हो.”

“तसंच हाय. मग खरं किती देती ते आता कसं कळायचं?”

“टाकी पार रिकामी करायची. मोजून दोन लिटर घालायचं आणि बंद पडेपर्यंत चालवायची.”

“मुद्दाम बंद पाडायची?”

“दुसरा इलाज नाही. पण रस्त्यात कुणी पाहिलं आणि मामांच्या कानावर गेलं तर आजच विकतील.”

आत्तींनी उरलेला चहा एका घोटात संपवला. “मग एकटी जाऊ नगंस. मी येणार हाय.”

मामा गडहिंग्लजला बाजाराला गेले आणि आम्ही दस्तगीरकडं. त्यानं टाकीतलं पेट्रोल बादलीत काढलं. त्याला हिरवट झाक होती. “आयला! ह्यात तर मशीनचं ऑइल हाय! ताई, तुमच्यावर कोण डूख धरून हाय काय?”

“मी घातलं ते,” स्टुलावरून आत्ती म्हणाल्या. “काय म्हणणं हाय?”

दस्तगीरचं काहीच म्हणणं नव्हतं. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, मोजून दोन लिटर स्वच्छ पेट्रोल घातलं. गाडी सुरू केली तर धूर हळूहळू विरळ होत गेला आणि थांबला. “इंजिन उघडायचं ऱ्हाऊ दे मग,” तो जरा हिरमुसून म्हणाला.

पेट्यांमुळं त्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसता येत नाही. आत्ती नऊवारीत होत्या. टांग टाकून ऐसपैस बसल्या. “तुम्हा पोरींच्या साडीत हे जमायचं न्हाई,” म्हणाल्या. मांडीवर चांगल्या पेट्रोलचा छोटा कॅन. पहिल्या वळणाला त्यांनी माझा खांदा असा धरला की वळ उठला असेल. दुसऱ्या वळणाला पकड सैल झाली. आंबोलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून आवाज आला, “जरा पळीव की! एवढ्यासाठी घेतलीया व्हय एवढी मोठी गाडी?”

मी पळवली. दोन्ही बाजूंना गर्द झाडी, अंगाला झोंबणारा गार वारा, आणि मागं आत्ती काहीतरी गुणगुणत होत्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांना गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकत होते. जंगलात बंद पडली तर कुणाला कळणारही नाही, म्हणून मी मनात घोकत होते, पड बाई, इथंच पड. पण ती कसली पडतेय! आंबोलीच्या अलीकडून वळून आम्ही परत आजऱ्याच्या बाजूला लागलो तरी ती चालतच राहिली, आणि शेवटी दोन आचके देऊन थांबली. कुठं, तर आमच्या गावच्या फाट्यावर. पारासमोर. पारावर चार म्हातारे ऊन खात बसलेले.

“आत्ती, लवकर, कॅन!”

कॅनचं झाकण दोघींच्यानं निघेना. मी ओढते, त्या पिळतात. तेवढ्यात गडहिंग्लजच्या बाजूनं सरपंचांची जीप आली. पुढच्या सीटवर मामा.

जीप थांबली. मामा उतरले. पारावरच्या चारी माना आमच्याकडं वळल्या.

“काय झालं?” मामांनी विचारलं. “संपलं पेट्रोल?”

संपलं म्हणावं तर गाडी गेली. संपलं नाही म्हणावं तर हातात कॅन.

आत्ती सावकाश खाली उतरल्या. पदर नीट केला.

“संपलं न्हाई. संपवलं.”

“म्हणजे?”

“मोजून घातलं आणि मोजून संपवलं. ही पोर देशाच्या टोकाला निघालीया. गाडी किती पळती ते बघायला नगं? काटा खोटा निघाला म्हणून माणसानं घरात बसून ऱ्हायचं काय?”

“अगं, पण रस्त्याकडेला अशा दोघी उभ्या...”

“उभ्याच हाय. काय झालं? कुणी खाल्लं काय आम्हाला? तुमच्या घरातली बाई रस्त्याकडेला उभी राहिलेली तुम्हाला चालत न्हाई न्हवं? मग विका गाडी. आणि गाडीबरोबर मला बी विका.”

पारावर कुणीतरी हसू दाबायला खोकलं. मामांनी आत्तींच्या हातातला कॅन घेतला. आम्हा दोघींना न जमलेलं झाकण एका पिळ्यात काढलं. कॅन नाकाशी नेऊन वास घेतला. चांगला लांब वास घेतला. मग कॅन माझ्या हातात दिला, जीपमधे बसले आणि निघून गेले.

मी पेट्रोल ओतलं, आकडा बघितला. लिटरला बत्तीस.

पुढचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. मामा जेवत होते, बागेत जात होते, आमच्याशी पावसापाण्याचं बोलत होते. गाडीचा विषय नाही. “जाऊ दे म्हणतील की नाही हो?” मी आत्तींना विचारायची. “तू आपली बॅग भर,” त्या म्हणायच्या.

रविवारी पहाटे मी गाडी अंगणात काढली. संकेश्वरला हायवेवर ग्रुप भेटणार होता. आत्तींनी आधी गाडीला ओवाळलं, मग मला. तेवढ्यात मामा छपरातून आले. हातात नवाकोरा पांढरा कॅन, पुरता भरलेला. त्यांनी तो मागच्या कॅरियरवर ठेवला, सुतळीनं घट्ट बांधला, हलवून पाहिला.

“हा असू दे बरोबर. वाळवीचा कॅन आहे.”

मला कळेना. मी आत्तींकडं बघितलं, आत्ती तुळशीकडं बघायला लागल्या.

“मशीनचा वेगळा केलाय,” मामा म्हणाले. “ह्यात ऑइल नाही.”

मी वाकून त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करणार? डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “तो खांब शिसवी आहे. माझ्या बापानं उभा केलेला. त्याला वाळवी लागत नसते, एवढं मला कळतं.”

निघाले. फाटकातून वळताना आरशात बघितलं, तर मामा खांबावर बोटांनी ठोकून आत्तींना काहीतरी दाखवत होते आणि आत्ती कमरेवर हात ठेवून त्यांना सुनावत होत्या. मला पुढचा रस्ता नीट दिसेना. फाट्यावर गाडी थांबवून डोळे पुसले. पारावर शेकोटी करून म्हातारे बसलेच होते.

“काय गं तेजू,” त्यातल्या एकानं हाक मारली, “परत संपलं व्हय?”

“नाही हो आबा,” मी म्हटलं, “भरपूर आहे.” आणि गाडी सुरू केली.